पट्टकादंबाचं घर

बेहाला, कोलकाता
२४ नोव्हेंबर

चि. सानू,

पडलेला दात मिरजेच्या घरावर फेकलास की पेन्सिलच्या डबीत ठेवलास? डबीतच ठेवला असशील. तुझा बाबाही तसाच होता, त्याच्या डबीत दात, पिसं आणि एक मेलेला भुंगा निघाला होता.

तू आणि आई मिरजेला गेल्यापासून फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो. फोन झाला की तू दोन दिवस नीट जेवत नाहीस असं आईने कळवलं, म्हणून काही दिवस फोन नको. बरोबर आहे तिचं. आता मी पत्र लिहिणार. पत्रात माझा आवाज ऐकू येत नाही हा त्यातला फायदा. तू शाळेत बांगला आणि इंग्रजी शिकलेली पोर, मराठी वाचताना अडखळतेस, तेव्हा आई तुला वाचून दाखवेल. आईसाठी काही लिहायचं असेल तर मी कंसात लिहीन. ते तिने मनातल्या मनात वाचायचं आणि तू तिच्या तोंडाकडे टकामका बघत बसायचं नाही.

तर बातमी अशी की ते आलेत. बाबाबरोबर पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींपैकी एकाचा फोन आला होता. पूर्बस्थलीला, नदीच्या वाळूवर, पट्टकादंब उतरलेत. इथले लोक त्यांना दागी राजहाँस म्हणतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आजोबा मात्र त्यांना पट्टेवालाच म्हणतात. जन्म बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

बाबाच्या पुस्तकात चित्र आहे. बदकापेक्षा चांगला थोराड, राखाडी अंगाचा, चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. डोकं पांढरं आणि मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, तुझ्या आजोबांचे केस राहिलेत साधारण तेवढेच. हा आपल्याकडे फक्त हिवाळ्यात येतो. येताना हिमालय ओलांडून येतो. वर हवा इतकी विरळ की माणूस चार पावलं चालला तर धापा टाकेल, आणि हा पंख मारत मारत पार होतो. बाबा म्हणायचा, हा मोठा श्वास घेतो आणि तो पुरवून वापरतो.

मागच्या हिवाळ्यात बाबाने तुला एका रविवारी ते बघायला न्यायचं कबूल केलं होतं. आणि आधीच्या गुरुवारी ऑफिसातच त्याचं हृदय बंद पडलं. हे तुला माहीत आहे, मी पुन्हा कशाला लिहितेय कोण जाणे. लिहिलं की ते खरं वाटतं. एरवी मला अजून तो दाराशी वाकून बूट काढतोय असंच वाटत असतं.

नाताळच्या सुट्टीत ये. बाबाने सांगितलं होतं ते आपण बघून येऊ.

(चैत्राली, आठच दिवस पाठव. न्यायला मी येते, सोडायलाही मीच येईन.)

तुझी,
आजी


२२ डिसेंबर

चि. सानू,

तू येत नाहीस असं आईने कळवलं. रुसू नकोस तिच्यावर. पक्षी मार्चपर्यंत असतात, ते काही लगेच पळून जात नाहीत.

तोवर त्यांच्या गावाची गोष्ट ऐक. तिबेटात आणि त्याच्याही पलीकडे, उंच डोंगरांवर मोठमोठी तळी आहेत. झाडं जवळजवळ नाहीत, नुसतं आखूड गवत आणि वारा. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की पट्टकादंब तिथे पोचतात. तळ्यातल्या छोट्या बेटावर, जमिनीवरच, गवताचं घरटं करतात आणि आईच पोटाचं मऊ पीस उपटून त्यात अंथरते. बेटावर का? कारण काठावर कोल्हे असतात. बाप घरट्याजवळ मान उंच करून उभा राहतो. पिल्लं अंड्यातून निघाली की एक-दोन दिवसांत पाण्यात उतरतात, त्यांना कोणी भरवत नाही, आपलं आपण गवत खुडायचं. तुझ्यासारखं नाही, पोळीचा तुकडा आजीने तोंडात घालायचा आणि तू टीव्ही बघायचा. मग गंमत म्हणजे आईबापांची उडायची पिसं गळून जातात. महिनाभर तेही उडू शकत नाहीत. पिल्लांना पंख नाहीत आणि मोठ्यांचे गळलेत, तेव्हा सगळं घर पायीच.

थंडी पडायच्या आत पिल्लांना पंख येतात, मोठ्यांनाही नवे येतात, आणि सगळे मिळून इकडे निघतात. रस्ता पिल्लांना माहीत नसतो. ती आईबापांबरोबर उडतात आणि तो शिकतात.

आता जा, तोंड धुऊन ये. पुढचं आईचं आहे.

(चैत्राली, तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "आई, तिला पाठवणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे." माहीत आहे ग. आपण दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही आणि त्यातच एप्रिल आला, सानूची परीक्षा संपली आणि तू गेलीस.

दहाव्याला गंगेच्या घाटावर पिंड मांडला तेव्हा वडाच्या झाडावर एवढे कावळे, आणि एक खाली यायला तयार नाही. सगळे बोलून बघत होते, सुयश, तुझ्या कामाचं आम्ही बघू, आईबाबांचं बघू. तू मागे पायरीवर उभी होतीस, तुला कोणी पुढे ये म्हटलं नाही. मग हे म्हणाले, "सुयश, सानिका इथेच वाढेल, आमच्या डोळ्यांपुढे." आणि कावळा शिवला. लगेच. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मी तुझ्याकडे पाहिलं तर तुझा चेहरा पार उतरला होता. लेकराच्या आईला न विचारता तिचं लेकरू देऊन टाकलं होतं त्यांनी.

मी त्यांना नंतर म्हटलंही, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तर म्हणाले, फांदी मोडली असती तर मीही तसंच म्हटलं असतं, पण तो माझा मुलगाच आला होता. या माणसाशी कसं भांडायचं ते मला कळत नाही. लग्नाच्या वेळी कोणी शिकवलं नाही.

एकदा पोर इकडे आली की ते तिला परत पाठवणार नाहीत, ही तुझी भीती. ती खोटी आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून आग्रह करत नाही.)

आजी


१९ जानेवारी

चि. सानू,

तू नाहीस तर नाही, आम्ही दोघंच जाऊन आलो. तुझ्या आजोबांनी कपाटातून बाबाची दुर्बीण काढली. वर्षभर त्यांनी ती कोणाला हात लावू दिली नव्हती, मी धूळ पुसली तरी आवाज यायचा, ठेव ती तिथेच. आता गळ्यात घालून निघाले. पट्टा लांब, त्यामुळे दुर्बीण थेट पोटावर आपटत होती. बाबा उंच होता ना.

पूर्बस्थलीला गंगेने कधीतरी आपला रस्ता बदलला आणि जुन्या रस्त्याचं वळण तसंच मागे ठेवलं. त्या वळणातल्या पाण्यात होडीने फिरायचं. शांत पाणी, पाणवनस्पती, काठाने मोहरीची पिवळी शेतं. बदकं तर किती! पण आपले साहेब तिथे नव्हते. होडी पुढे मोठ्या नदीकडे नेली तेव्हा मधल्या वाळूवर दिसले. दिवसा ते असे उघड्या वाळूवर बसतात, म्हणजे चहूकडचं दिसतं. संध्याकाळी उठून शेतात जातात आणि रात्रभर गवत, कोवळा गहू चरतात. शेतकरी वैतागतात. पाहुणा झाला तरी किती खायचं?

त्यांचा आवाज नाकातून येतो, आँग-आँग, हलक्या हॉर्नसारखा. पिल्लं ओळखायची सोपी खूण सांगते. मोठ्यांच्या डोक्यावर ते दोन पट्टे असतात, या वर्षीच्या पिल्लांना अजून नसतात. नुसता मळकट रंग. पट्टे पुढे येतात.

एका बाजूला एक मोठा पक्षी आणि दोन बिनपट्ट्यांची पिल्लं होती. बाकी सगळ्या पिल्लांजवळ दोन दोन मोठे, यांच्याजवळ एकच. ती आई होती की बाबा हे लांबून ओळखता येत नाही, दोघं सारखेच दिसतात. आजोबांनी आपलं तिला आई ठरवून टाकलं. ती उठली की दोन्ही पिल्लं उठायची, ती बसली की बसायची.

(आता तू वाच. त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. होडीवाला दोनदा म्हणाला, बाबू, ऊन चढतंय, परत जाऊ. हे हलेनात. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "वृंदा, थव्यात एवढे जाणते आहेत. पिल्लं आमच्यात ठेव म्हणून तिला कोणी अडवत नाही." मी म्हटलं, नाही. परतीच्या वाटेवर घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मीही बोलले नाही. चैत्राली, माणूस कुठेतरी हलला असेल तर आपण वर बोट लावू नये, तो पुन्हा घट्ट होतो.)

आजी


४ फेब्रुवारी

चि. सानू,

तुझं कार्ड आलं. हंस सुंदर काढलास. पट्टे तीन झालेत, पण एक जास्तीचा चालेल. आणि खाली तू विचारलंस, "आजी, हंसांचं खरं घर कुठलं? वरचं का इथलं?"

मी बाबाचं पुस्तक काढलं, त्यात असा प्रश्न नाही. त्यात लिहिलंय की वर ते जन्मतात आणि इथे हिवाळा काढतात. वर थंडीत राहिले तर तळं गोठेल, गवत बर्फाखाली जाईल, उपाशी मरतील. इथे उन्हाळ्यात राहिले तर कोलकात्याचा मे महिना त्यांना सोसायचा नाही. मलाच सोसत नाही. म्हणजे त्यांना दोन्ही लागतात. पण घर कुठलं म्हणशील तर मला वाटतं, बरोबर जी माणसं उडतात ना, ती असतील तिथे घर. हे पुस्तकातलं नाही, माझं आहे, परीक्षेत लिहू नकोस.

तू हे हंसांबद्दलच विचारलंस ना? तुझ्या खोलीत तुझी गादी तशीच आहे. खाली खेळणाऱ्या मुली विचारतात, शानिका कबे आशबे? मी सांगते, येईल. तुला इथली आठवण येते यात काही चूक नाही, आणि मिरजेत मजा वाटली तर त्यातही नाही. आजीला वाईट वाटेल म्हणून मजा लपवायची नाही. वाईट मला वाटतंच आहे, त्यात तुझ्या मजेने भर पडत नाही.

(चैत्राली, तुझी अट वाचली. वर्षश्राद्धाला सानूला घेऊन येते, पण बाबांनी, म्हणजे यांनी, आधी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की ती माझ्याबरोबर परत जाईल. न्याय्य आहे. मी त्यांना पत्र दिलं, सानूचं कार्डही दिलं. कार्ड घेऊन ते गच्चीवर गेले आणि दिवे लागले तरी खाली आले नाहीत. मी वर गेले तर म्हणाले, "मी शब्द चैत्रालीला दिलेला नाही, सुयशला दिलाय. तो मोडायचा तर त्याच्यासमोरच मोडायला हवा. फोनवर कसा मोडू?"

मला राग आला. पण खरं सांगू का, रडूही आलं. त्या शब्दाशिवाय त्यांच्याकडे सुयशचं काही उरलेलं नाही. तेव्हा तू येऊ नकोस. अट पुरी झाल्याशिवाय येऊ नकोस, मी सासू असून सांगते.)

आजी


१८ फेब्रुवारी

चि. सौ. लिहायची सवय हात सोडत नाही. चि. चैत्राली,

हे पत्र सगळं तुझंच, कंस नाहीत. सानूला वाचायचं की नाही ते तू ठरव.

काल श्राद्ध झालं. आपल्या ओळखीतले गुरुजीच आले होते. मी वडे, खीर, आमटी, सुयशला आवडायची म्हणून भोपळ्याची भाजी, सगळं केलं. दुपारी यांनी कावळ्याचं पान गच्चीवर नेलं. तुला आपली गच्ची माहीत आहे. सानूच्या हातातली बिस्किटं पळवायचे ते कावळे. पाण्याच्या टाकीवर, शेजारच्या केबलवर, रांगेने बसले होते. मला वाटलं, ताट ठेवायच्या आधीच झडप घालतील.

यांनी पान कठड्यावर ठेवलं, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "सुयश, सानिका तिच्या आईपाशी राहील. मी तुला दिलेला शब्द परत घेतो."

मी जिन्यात उभी होते.

कावळा आला नाही. एक कठड्यावर उतरला, मान वाकडी करून त्याने पानाकडे पाहिलं आणि उडून गेला. मग एकही नाही. आम्ही वाट पाहिली. खिरीवर साय धरली, भाताची शितं वाळली. खाली सगळे उपाशी थांबलेले. शेवटी गुरुजी वर आले आणि हळूच म्हणाले, "श्यामसुंदरराव, मागचाच शब्द पुन्हा द्या. बघा येईल." वाईट हेतू नव्हता बिचाऱ्यांचा, त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

चैत्राली, मी यांना चांगलं ओळखते. हा माणूस मांजर आडवं गेलं तर अजून दोन पावलं मागे येतो. मला वाटलं, आता देणार हे शब्द, आणि आता तो काळतोंड्या येणार, आणि माझी नात आयुष्यभरासाठी गेली.

ते म्हणाले, "नाही. त्याला राग आला असेल तर येऊ दे. मी बाप आहे, मुलाचा राग सोसेन. पण तीही आई आहे."

मग पान उचललं, स्वतः जिना उतरले आणि मिठाईच्या दुकानापाशी गाय असते तिला घालून आले. परत येऊन म्हणाले, वाढ. जेवले. खीर मागून घेतली. संध्याकाळी मात्र सुयशच्या खोलीत बसून लहान मुलासारखे रडले. म्हणत होते, माझ्याशी बोलायला तो आला नाही ग. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काय सांगणार होते? मलाही तो यायला हवा होता. मीही केबलकडेच बघत होते.

तुझी अट पुरी झाली. त्यांच्या तोंडाने, त्याच्यासमोर. तू नव्हतीस, पण मी ऐकलं.

तुझी,
आई


९ मार्च

चि. सानू,

परवा संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी भात टाकत होते, म्हणून आजोबांनी उचलला. तुझी आई होती. तिने विचारलं, "बाबा, जेवण झालं का?" आजोबा म्हणाले, अजून नाही, तुमचं? एवढंच. मग दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत, पण फोनही ठेवला नाही. मी भाताखालचा गॅस बंद करून नुसती उभी राहिले.

आता वाईट बातमी. हंस गेले. पूर्बस्थलीहून फोन आला, वाळू रिकामी आहे. ते पुष्कळदा रात्रीच उडतात, थंड हवा पंखांना बरी पडते. आता डोंगरापाशी पोचले असतील. त्या एकट्या आईची दोन पिल्लं तिच्याबरोबर असतील. रस्ता एकदा येताना पाहिलेला आहे, जाताना त्यांना तो ओळखीचा वाटेल. बाबाने कबूल केलेलं या वर्षीही राहिलं. मला फार लागलं ते.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. काल आजोबा बाबाचं पुस्तक घेऊन बसले होते. त्यात हिवाळ्याचे प्रदेश रंगवलेला नकाशा आहे. आम्ही आजवर बंगालच बघत होतो. आजोबांनी बोट खाली आणलं तर रंग महाराष्ट्रातही होता. मग त्यांनी तिकडच्या कोणाकोणाला फोन लावले. सानू, पट्टकादंब तुमच्याकडेही येतात. सोलापुराकडच्या मोठ्या पाण्यावर, आणि तुमच्या सांगली-साताऱ्याच्या बाजूच्या तलावांवरही उतरतात, मिरजेहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ. तेच ते, हिमालय ओलांडून आलेले. त्यांना बघायला तुला कोलकात्याला यायची गरजच नाही.

पुस्तक मिटून मी आजोबांना म्हटलं, हे कळवलं तर ती कशाला येईल आपल्याकडे? त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मग म्हणाले, "लिही तिला. सुयशने हंस दाखवायचं कबूल केलं होतं, कोलकाता नाही."

म्हणून लिहिते आहे. पुढच्या हिवाळ्यात आई तुला घेऊन जाईल. पहाटे जा, गडद रंगाचे कपडे घाल, बडबड करू नकोस. आधी बिनपट्ट्यांची पिल्लं शोध. आणि आमच्याकडे यावंसं वाटलं तर हंसांचं निमित्त लागत नाही, नुसती ये. तुझी गादी उन्हात घालून ठेवते.

बरोबर दुर्बीण पाठवतेय. आजोबांनी स्वतः पुसून, बाबाच्या मऊ शर्टात गुंडाळून बांधली आहे. गळ्यात घातलीस तर गुडघ्यांपर्यंत येईल, कारण पट्टा तुझ्या बाबाच्या मापाचा आहे. कोणी म्हणालं तरी तो आखूड करू नकोस. तू वाढशील.

आजी